पुढच्याने मागे पाहायचं

श्रोतेहो, नमस्कार.

माझं बालपण रत्नागिरीच्या किनाऱ्यावर गेलं. खारे वारे आणि मतलई वारे भूगोलाच्या पुस्तकात येण्याआधीच मला ओळखीचे होते. पण शिडाच्या होडीत पहिलं पाऊल टाकलं ते मात्र समुद्रापासून लांब, इंग्लंडमधल्या एका जलाशयावर, ऑक्टोबरच्या गारठ्यात. शिकायला गेले होते, आणि विद्यापीठाचा सेलिंग क्लब नवख्यांना घेत होता. पोहता आलं की पुरे.

पहिल्या दिवशी होडी हाकायला नाही, उलटवायला शिकवलं. होडी मुद्दाम आडवी करायची, पाण्यात पडायचं आणि पोहत तिच्या तळाच्या बाजूला जायचं. तिथे सेंटरबोर्ड, म्हणजे एरवी पाण्याखाली असणारं पातं, आडवं बाहेर आलेलं असतं. त्यावर उभं राहून होडीची कड घट्ट धरायची आणि सगळं अंग मागे टाकायचं. पाण्याने जड झालेलं शीड आधी हलतच नाही; मग एकदम सुटतं आणि होडी उभी राहते. तीन वेळा करवून घेतलं. चौथ्यांदा वाऱ्यानेच आम्हाला पाडलं, तेव्हा कोणी सांगायच्या आत मी सेंटरबोर्डवर चढले होते.

या होडीचं नाव फायरफ्लाय. अफा फॉक्स यांनी आखलेली ही १२ फुटांची होडी १९४६ पासून पाण्यावर आहे. दोन शिडं, दोन माणसं. १९४८ च्या ऑलिंपिकमध्ये मात्र ती एकट्याने चालवायची होती. डेन्मार्कचा २० वर्षांचा पॉल एल्व्हस्ट्रॉम पहिली शर्यत अर्धवट सोडूनही तिच्यावर सुवर्णपदक जिंकला, आणि पुढच्या तीन ऑलिंपिकमध्येही जिंकत राहिला. आम्ही मात्र दोघी असायचो. सुकाणू आणि मोठं शीड एका सीनियर मुलीकडे, पुढचं शीड आणि होडीचा तोल माझ्याकडे.

आता शर्यतीचं सांगते, कारण माझा जीव तिथेच गुंतला. ब्रिटिश विद्यापीठांत सांघिक शर्यतीचं मोठं वेड आहे. तीन होड्या आमच्या, तीन समोरच्यांच्या. जो नंबर येईल तेवढे गुण, आणि ज्यांची बेरीज कमी ते जिंकले. एक ते सहाची बेरीज २१. म्हणजे तुमचे १० किंवा कमी झाले की जिंकलात, ११ झाले की हरलात.

माझ्या पहिल्याच सामन्यात आमची होडी सगळ्यांच्या आधी रेषा ओलांडून गेली. मी आनंदाने ओरडले. सुकाणूवरची ताई मागे बघत होती. आमची दुसरी होडी चौथी आली, तिसरी सहावी. एक, चार, सहा: अकरा. आम्ही पहिल्या येऊन हरलो होतो. ती रागावली नाही, एवढंच म्हणाली, "पुढच्या वेळी तू मागे बघ आणि मला बेरीज सांग."

तेव्हापासून माझं खरं काम ते झालं. शिडाची दोरी हातात, अंग होडीबाहेर झोकलेलं आणि नजर मागच्या पाच शिडांवर. काही आठवड्यांनी तीच बेरीज पुन्हा समोर आली. शेवटचा टप्पा, वाऱ्याच्या तोंडावर, आम्ही पहिल्या. मी म्हटलं, "एक, चार, सहा." तिने शीड सैल सोडलं. पुढे मोकळं पाणी असताना आपली होडी आपणच थांबवायची! माझे हात ऐकेनात, पण मीही दोरी सोडली. शिडाच्या आडोशाला वारा मेलेला असतो. समोरच्यांच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या होड्या जवळजवळच होत्या. आम्ही थेट त्यांच्या वाऱ्यात जाऊन बसलो. त्या बाजू बदलून सुटायला बघायच्या, की आम्हीही बाजू बदलायचो. त्यांची शिडं फडफडायला लागली. तेवढ्यात दुसऱ्या काठाने आमची चौथ्या नंबरावरची होडी स्वच्छ वारा घेऊन निघून गेली. ती पहिली, आम्ही दुसऱ्या, तिसरी होडी सहावीच. नऊ! ओलांडली ती रेषा दुसऱ्या नंबराने, पण इतकं सुख मला पहिल्या नंबरानेही दिलं नव्हतं.

या खेळात पंच मोटारबोटीतून मागोमाग असतात, लाल झेंडा दाखवून दंड देतात. पण नियम मोडला असं आपल्यालाच कळलं, तर झेंड्याची वाट न बघता होडीला जागच्या जागी एक पूर्ण फेरी मारायची. डोळ्यांदेखत दोन-तीन नंबर निघून जातात. तरी मारायची. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बराच वेळ त्या होडीकडेच बघत राहिले.

आणखी एक गोष्ट. होड्या सगळ्यांच्या सारख्या असतात, तरी एखादीत काही ना काही खोट असतेच, म्हणून स्पर्धेत दोन्ही संघ होड्यांची अदलाबदल करतात. त्या दिवशी धक्क्यावर येऊन आम्ही आमची होडी नुकत्याच हरवलेल्या मुलींच्या हाती दिली. ताई वाकून त्यांतल्या एकीला म्हणाली, "पुढच्या शिडाची दोरी डावीकडे अडकते, वळताना जरा सांभाळ." त्या मुलीने मान हलवली, दोरी हातात घेतली आणि आपल्या होडीतलं काय बिघडलंय ते आम्हाला सांगायला लागली.