नवतप्यातली बोट

नमस्कार श्रोतेहो.

नागपुरात बोट म्हटली की लोक आधी हसतात. अंबाझरीत पाय मारत फिरवायची ती बोट आपल्या ओळखीची. पण कामठी रोडवरच्या एका गोदामात, जुन्या कूलरच्या सांगाड्यांमागे मला जी सापडली, ती २४ फुटांची सागवानी मोटर क्रूझर. पुढे दोघं झोपतील एवढी केबिन, मागे दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन. मूळ मालकांनी ती मुंबईहून ट्रेलरवर आणवली होती, धरणावर सहली करायला. बेत फिसकटला, वर ताडपत्री पडली आणि वीसेक वर्षं निघून गेली. मी ती घेतली तेव्हा बायकोनं एवढंच विचारलं, "समुद्र कुठाय?"

दिवस नवतप्याचे, म्हणजे मे अखेरच्या भाजून काढणाऱ्या उन्हाचे होते. तळाच्या फळ्यांमध्ये अशा फटी पडल्या होत्या की रुपयाच्या नाण्याची कड आत जावी. फट दिसली की बुजवावी, एवढीच माझी अक्कल. इपॉक्सीत, म्हणजे वाळल्यावर दगडासारख्या कडक होणाऱ्या गोंदात, लाकडाचा भुसा कालवला, सगळे सांधे भरले, पॉलिशपेपर मारला. बोट अशी गुळगुळीत झाली की मी शेजाऱ्यांना बोलावून दाखवली.

जुलैत पाऊस लागला आणि फळ्या हवेतला ओलावा ओढून फुगू लागल्या. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, वाढतं ते रुंदीत. आपल्या उन्हाळ्यात खडखडीत वाळलेली सहा इंची सागाची फळी ओली झाली की दोन मिलिमीटरच्या आसपास पसरते. शेजारी शेजारी दहा फळ्या असल्या तर हिशेब तुम्हीच करा. फटी त्या पसरण्यासाठीच होत्या, आणि मी तिथे दगड भरून ठेवला होता. फळ्यांना आतून धरणाऱ्या दोन बरगड्यांना चिरा गेल्या, एका फळीचे स्क्रू तुटले. तुटलेला स्क्रू हातात घेतला तर पितळेचा पिवळा रंग जाऊन आतून गुलाबी दिसत होता. खाऱ्या पाण्यात पितळेतलं जस्त हळूहळू निघून जातं आणि मागे उरतं ठिसूळ तांबं. म्हणजे स्क्रू मुंबईतच अर्धे मेले होते. राहिलेलं काम मी केलं.

मग रामटेककडच्या एका म्हाताऱ्या ढिवरबाबांना घेऊन आलो. जन्म डोंग्यावर गेलेला माणूस. त्यांनी बोटीला एक फेरी मारली, नखानं इपॉक्सी खरवडली आणि म्हणाले, "भाऊ, लाकूड पानी पिलं का जागा मांगते. तुमी तर जागाच नाही ठेवली."

ती इपॉक्सी हॅक्सॉच्या पात्यानं खरवडून काढायला तीन आठवडे लागले. त्यावर जास्त बोलत नाही. नवे स्क्रू ब्राँझचे घातले, बरगड्यांना जोड दिले. मग सांध्यात कापसाची वात, हलक्या हातानं ठोकलेली, आणि वर दाबली तर दबेल अशी मऊ पुट्टी.

कुजकी जागा मी खाली शोधत होतो, ती निघाली वर. गोदामाच्या टिनातून पावसाचं गोडं पाणी वर्षानुवर्षं केबिनच्या कोपऱ्यात गळत होतं. खाऱ्या पाण्यात सहसा न रुजणारी बुरशी गोड्या पाण्यात मजेत वाढते. हातोडीनं ठोकत गेलं की चांगलं लाकूड टणटण वाजतं. तिथे भद्द आवाज आला आणि स्क्रू-ड्रायव्हर शिऱ्यात जावा तसा आत गेला. तेवढा तुकडा कापून बल्लारशाहच्या सागाचा बसवला.

इंजिन जाम होतं. स्टार्टर मारायचा मोह प्रत्येकाला होतो, मारू नका. आम्ही इंजेक्टर काढले, त्या भोकांतून डिझेल आणि ऑइल ओतलं, आठ दिवस सोडलं. मग फ्लायव्हीलला पहार लावून बोटभर इकडे, बोटभर तिकडे. चौथ्या दिवशी आतून 'फुस्स' झालं आणि इंजिन सुटलं. टाकीच्या तळाशी पाणी आणि त्यावर काळा चिकट गाळ. टाकी उतरवूनच धुवावी लागली. पाण्याच्या पंपातला रबरी पंखा लाकडासारखा कडक झाला होता.

आणि लाकडाला पाणी पाजायचं राहिलं होतं. गोदामात कूलर होतेच. एकाची मोटर काढली, पाईपला भोकं पाडली आणि बोटीत आतून अंथरलेल्या गोणपाटांवर पंधरा दिवस पाणी सोडलं. पोरं विचारायची, काका, ऑक्टोबरात बोटीला कूलर?

परवानगीच्या कागदांचं वेगळं भाषण होईल. डिसेंबरात खिंडसी तलावात, कमरेएवढ्या पाण्यात ट्रेलरवरून तिला सोडलं. पहिल्या तासात चौदा बादल्या पाणी उपसलं. संध्याकाळी तासाला पाच. आम्ही काठावर शेकोटी करून रात्र काढली. पहाटे बाबांनी बॅटरी मारून आत पाहिलं, एक बादलीही भरेना.

फक्त बोट ढकलणाऱ्या पंख्याचा, म्हणजे प्रोपेलरचा, दांडा जिथून बाहेर जातो, तिथे थेंब थेंब गळत होतं. मी पाना घेऊन वाकलो. बाबांनी हात धरला. "त्याले राहू द्या. तेवढं पानी पायजे त्याले, नाही तं दांडा तापन."

नमस्कार.