दोन कुरळी मांजरे आणि त्यांची सरळ केसांची पिल्ले

(नौपाडा, ठाणे येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

श्रोतेहो, ठाण्याच्या मासळी बाजारात टपून बसलेल्या मांजराला त्याची जात कोणी विचारत नाही. बोका आहे की भाटी एवढे कळले की आपले काम भागते. त्यामुळे ‘डेव्हन रेक्स’ या कुरळ्या केसांच्या एकाच जातीवर बोलायचे ठरवले तेव्हा, मांजराला वंशावळ हवी कशाला, ही पहिली शंका आमच्या घरातच निघाली. ती रास्तच आहे. पण ही जात वेगळी आहे हे नुसते तिच्याकडे पाहून कोणाला कळले नव्हते, ते तिची पिल्ले पाहून कळले. म्हणून वंशावळीपासूनच सुरुवात करतो.

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला कॉर्नवॉल हा परगणा आहे. तिथल्या बॉडमिन मूर या माळरानावरील एका शेतघरात 1950 साली सेरेना नावाच्या भाटीला पाच पिल्ले झाली आणि त्यांतल्या एका बोक्याचे केस लाटांसारखे कुरळे निघाले. त्याचे नाव कॅलिबंकर. मालकीणबाईंनी पूर्वी ससे पाळले होते आणि सशांमध्ये ‘रेक्स’ नावाचा मखमली केसांचा प्रकार त्यांना ठाऊक होता. तेच नाव या मांजरांना चिकटले. आनुवंशशास्त्राच्या जाणकारांनी सल्ला दिला की या बोक्याची जोडी त्याच्या आईशीच लावावी. आपल्या कानांना हे विचित्र वाटेल, पण त्यामागचा तर्क सरळ आहे. कुरळेपणाचे जनुक अप्रभावी असेल, म्हणजे आई-बाप दोघांकडून एकेक प्रत मिळाल्याशिवाय त्याचा परिणाम दिसत नसेल, तर सरळ केसांच्या आईत त्याची एक प्रत दडलेली असणार आणि या जोडीची सुमारे निम्मी पिल्ले कुरळी व्हायला हवीत. या जोडीतून खरोखरच पुन्हा कुरळी पिल्ले जन्मली.

त्यानंतर दहा वर्षांनी, 1960 साली, शेजारच्याच डेव्हन परगण्यात बकफास्टली या गावी एक कुरळा रानबोका एका ओसाड कथिलाच्या खाणीच्या आसपास वावरत असे. तिथल्या एका बाईंनी आश्रय दिलेल्या सरळ केसांच्या भाटीला पिल्ले झाली, त्यांत एक कुरळे होते. ते कर्ली, डेव्हन रेक्स जातीचा मूळपुरुष. ठाणे आणि रायगड जिल्हे जसे एकमेकांना लागून आहेत, तसेच हे दोन परगणे. तेव्हा दोन्हीकडचा कुरळेपणा एकच असणार, असा सर्वांचा समज झाला. कर्लीची जोडी कॉर्नवॉलच्या कुरळ्या भाट्यांशी लावण्यात आली आणि पिल्ले झाली ती सगळी सरळ केसांची.

संवर्धकांच्या दृष्टीने तो हिरमोड होता, माझ्या दृष्टीने या सगळ्या कथेतला तो सर्वांत सुंदर प्रसंग आहे. एका घरातले मीठ संपले आहे आणि दुसऱ्या घरातली साखर. दोन्ही घरांची चूल एक झाली की स्वयंपाक काही अडत नाही. कॉर्नवॉलच्या मांजरांत एक जनुक बिघडलेले होते, कर्लीत दुसरेच. प्रत्येक पिल्लाला एकाकडून एका जनुकाची आणि दुसऱ्याकडून दुसऱ्या जनुकाची धड प्रत मिळाली, म्हणून केस सरळ. त्यातून आणखी एक अंदाज निघतो. डेव्हनचे जनुकही अप्रभावी आहे. मग कर्लीच्या सरळ केसांच्या आईतही ते लपलेले असणार, म्हणजे ती आणि तो रानबोका बहुधा नात्यातलेच असावेत.

पुढे 2010 साली डेव्हन रेक्सच्या बिघाडाचे स्थान केआरटी-71 या जनुकात सापडले. केस घडताना त्याला आकार देणारे मुळाभोवतीचे आवरण ज्या केराटिन नावाच्या प्रथिनाचे बनते, त्याचे हे जनुक. केस नसलेल्या कॅनडाच्या स्फिंक्स मांजरातही बिघाड याच जनुकात आहे, जागा मात्र वेगळी. तेव्हा शेजारचे कॉर्निश रेक्स, म्हणजे कॉर्नवॉलचे ते कुरळे मांजर, राहिले दूर, आणि डेव्हनचे जनुकीय नाते जुळले ते समुद्रापारच्या एका उघड्या मांजराशी.

दिसायला ही मांजर लहानखुरी, साधारण अडीच ते चार किलोंची. तोंड आखूड, कान खाली बसवलेले आणि अवाढव्य, मिशा वेड्यावाकड्या आणि अनेकदा तुटक्या. केस ठिसूळ असतात, नुसत्या चाटण्यानेही तुटतात. अंगावर पुरेसे पांघरूण नसल्याने ठाण्याचा उकाडा तिला फारसा जाचत नाही, पण एसीच्या खोलीत ती कुडकुडते. दमट हवेत त्वचेचा तेलकटपणा आणि कानांतला मळ यांकडे लक्ष ठेवावे लागते. ‘हिच्यामुळे अॅलर्जी होत नाही’ असे सांगून पिल्ले विकली जातात, त्यावर विसंबू नका. अॅलर्जी करणारे मुख्य प्रथिन लाळेत आणि त्वचेच्या तैलग्रंथींत असते, आणि लाळ कोणत्या मांजराला नसते?

याहून महत्त्वाचा आहे तो रक्तगट. बहुतेक साध्या मांजरांचा गट ए असतो, डेव्हन रेक्समध्ये मात्र बी गटाचे प्रमाण बरेच मोठे आहे. बी गटाच्या मांजरीच्या रक्तात ए गटाविरुद्धची तीव्र प्रतिपिंडे निसर्गतःच असतात आणि ती तिच्या चिकातही उतरतात. खरवसासाठी आपण कौतुकाने आणतो तोच चीक. पण बोका ए गटाचा असेल, तर ए गटाच्या पिल्लांना आईचा चीक बाधतो, त्यांच्या तांबड्या पेशी फुटतात आणि धडधाकट जन्मलेली पिल्ले एक-दोन दिवसांत दगावतात. म्हणून जोडी लावण्याआधी दोघांचे रक्तगट तपासावेत. ते झाले नसेल, तर पहिला दिवसभर पिल्लांना आईच्या दुधापासून दूर ठेवून वरचे दूध पाजावे.

एक चिठ्ठी आली आहे. ‘आमच्या सोसायटीत एक कुरळे पिल्लू आहे, ते डेव्हन असेल का?’ आधी त्वचेचा बुरशीजन्य विकार किंवा कुपोषण नाही ना, हे पशुवैद्यांकडून पाहून घ्या. ते नसेल, तर गालाच्या आतून कापसाच्या बोळ्याने नमुना घेऊन जनुकचाचणी करता येते. आणि चाचणीत डेव्हनचा बिघाड दिसला नाही, तर मात्र मला जरूर कळवा. पिल्लू पाहायला मी स्वतः येईन.