मनगटावरची नाडी, छातीतला ठोका

(दृश्य: कागदाच्या पट्टीवर सरकणारी ईसीजीची रेघ)

१९५७ साल. लॉस एंजेलिसचे वेंगर आणि मिशिगनचे बागची हे दोन संशोधक उपकरणं घेऊन भारतभर हिंडत होते. दिल्लीच्या एम्सचे आनंद त्यांच्या सोबतीला होते. ‘आम्ही हृदय थांबवून दाखवतो’ म्हणणाऱ्या योग्यांना इलेक्ट्रोड लावून तपासायचं, हे काम.

योगी श्वास रोखायचे, छातीपोटाचे स्नायू आवळायचे. मनगटावर बोट ठेवावं तर नाडी लागेना. स्टेथोस्कोपमधून ठोका ऐकू येईना. ईसीजीची रेघ मात्र चालूच! छातीतला दाब वाढल्यामुळे हृदयाकडे परतणारं रक्त कमी व्हायचं, आणि नाडी बोटाला जाणवण्याइतकी उरायची नाही. हृदय आपलं काम करतच होतं.

आज हजारो लोकांच्या मनगटावर घड्याळ बांधून संशोधन होतं, आणि हे घड्याळ नाडीच बघतं. म्हणून ही जुनी गोष्ट आधी सांगितली.

(दृश्य: ठोक्यांमधली अंतरं मिलिसेकंदांत)

हृदय मिनिटाला ६० ठोके देतंय, म्हणजे दर ठोका बरोबर एका सेकंदाने पडतो असं नाही. एक अंतर ९४० मिलिसेकंद, पुढचं १०३०, त्यापुढचं ९८५. श्वास घेताना ठोके जवळ येतात, सोडताना लांबतात. या चढउताराला एचआरव्ही (हार्ट रेट व्हेरिएबिलिटी) म्हणतात, आणि त्यामागे बराचसा हात मेंदूतून हृदयाकडे येणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचा. ठोका अगदी काटेकोर पडायला लागला तर डॉक्टर खूश होत नाहीत.

हे किती गंभीर आहे ते १९८७ साली क्लायगर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ८०८ रुग्णांचं २४ तासांचं रेकॉर्डिंग त्यांनी तपासलं. ज्यांचा चढउतार ५० मिलिसेकंदांच्या खाली होता, त्यांच्यात मृत्यूचा धोका १०० च्या वर असलेल्यांपेक्षा ५.३ पट निघाला.

दिवसभराचं रेकॉर्डिंग शक्य झालं ते मोंटानातल्या नॉर्मन हॉल्टर यांच्यामुळे. त्यांचं पहिलं यंत्र पाठीवर घ्यायचं होतं, वजन सुमारे ३८ किलो. आपल्याकडे डॉक्टर ‘हॉल्टर लावून या’ म्हणतात, ते यांचंच नाव. पुढे फिनलंडच्या पोलर कंपनीने १९८२ साली छातीला बांधायचा बिनतारी पट्टा बाजारात आणला. तो खेळाडूंसाठी होता, पण प्रयोगशाळांनीही उचलला.

(दृश्य: मनगटाखाली लुकलुकणारा हिरवा प्रकाश)

पट्टा हृदयातली वीज टिपतो. त्या लहरीला टोकदार शिखर असतं, त्यामुळे ठोक्याचा नेमका क्षण सापडतो. घड्याळ त्वचेवर हिरवा प्रकाश टाकून रक्ताची लाट बघतं, आणि ती लाट टेकडीसारखी गोलसर. माथा नेमका कुठे धरायचा? त्यात बॅटरी वाचवायची म्हणून कंपन्या प्रकाशाची मोजणी विरळ ठेवतात. सेकंदाला २५ वेळा मोजलं तर दोन मोजण्यांत ४० मिलिसेकंदांचं अंतर पडतं. आणि आपल्याला पकडायचा आहे तो फरकच मुळी तेवढा. मधली जागा गणिताने भरून काढतात, ते चालतंही. पण हात हलला की सगळं गढूळ होतं.

एका चुकीच्या ठोक्याची किंमत बघा. पाच मिनिटांत ३०० ठोके, लागोपाठच्या अंतरांतला सरासरी फरक, म्हणजे आरएमएसएसडी, ३० मिलिसेकंद. त्यात एकच ठोका ४०० मिलिसेकंद आधी पडला आणि नंतर तेवढाच लांब विसावा आला, तर तो आकडा थेट ६४ च्या आसपास जातो. माणूस तोच, पण कागदावर दुप्पट तंदुरुस्त! म्हणून चांगल्या अभ्यासात कच्चे ठोके जपून ठेवतात आणि डोळ्यांखालून घालतात. कंपनीने ॲपवर दिलेला तयार आकडा उचलणं सोपं, पण आत काय गाळलं ते कळत नाही.

आकड्यांचा आणखी एक घोळ आहे. ॲपलचं घड्याळ एसडीएनएन देतं (सगळी अंतरं सरासरीभोवती किती पसरली याचं माप; क्लायगरचे ५० याच मापाचे), ओरा अंगठी आरएमएसएसडी. दोन्हींवर नाव एचआरव्हीच. शिवाय एसडीएनएन रेकॉर्डिंग जितकं लांब तितका वाढतो. घड्याळावरच्या मिनिटभराच्या मापात ३८ आले म्हणून क्लायगरच्या ५० शी तुलना करून धास्ती घेण्यात काही अर्थ नाही. ते ५० दिवसभराच्या रेकॉर्डिंगचे आहेत.

(दृश्य: डोळे मिटून प्राणायाम करणारी व्यक्ती, छातीला पट्टा)

प्राणायामाच्या अभ्यासात तर फार जपावं लागतं. १९९६ साली युरोप आणि अमेरिकेतल्या हृदयतज्ज्ञांनी मापनाचे नियम ठरवले. त्यानुसार ठोक्यांमधल्या चढउताराच्या लहरी वेगाप्रमाणे वेगळ्या करतात: ०.०४ ते ०.१५ हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला इतक्या लहरी) हा मंद पट्टा आणि ०.१५ ते ०.४ हा जलद पट्टा. मंद भागिले जलद हे गुणोत्तर वाढलं की ताण वाढला, असं बरीच सॉफ्टवेअर आजही सांगतात. आता मिनिटाला सहा श्वास घेणाऱ्याचा श्वास ०.१ हर्ट्झवर येतो, सरळ मंद पट्ट्यात. गुणोत्तर उडी मारतं, आणि शांत बसलेल्या माणसाला यंत्र तणावग्रस्त ठरवतं. त्या गुणोत्तरावर फार भिस्त ठेवू नये, असं अनेक शरीरशास्त्रज्ञ आता उघड म्हणतात. श्वासाची गती न नोंदवता केलेला असा अभ्यास आम्हाला तरी अर्धवट वाटतो.

(दृश्य: झोपलेल्या माणसाचा हात)

घड्याळ खरं उपयोगी पडतं ते रात्री. हात स्थिर असतो, बोलणं नाही, चहा नाही. आणि एकाच माणसाची आजची रात्र त्याच्याच मागच्या महिन्याशी ताडून बघता येते. २०२० साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनायमध्ये २९७ आरोग्य कर्मचाऱ्यांनी ॲपलची घड्याळं घालून अभ्यासात भाग घेतला. ज्यांना कोविड झाला, त्यांच्या एचआरव्हीच्या दैनंदिन लयीत नाकातल्या नमुन्याचा अहवाल येण्याआधीच्या सात दिवसांत बदल दिसू लागले होते. बाधित मात्र थोडे होते, हे विसरायचं नाही.

लांब चालणाऱ्या अभ्यासांना हल्ली एक नवी डोकेदुखी आहे. मध्येच घड्याळाचं सॉफ्टवेअर आपोआप अपडेट होतं, मोजण्याचं सूत्र बदलतं, आणि आधीचे महिने नंतरच्या महिन्यांशी जुळत नाहीत. त्यामुळे वय, वजन, औषधं यांच्या रकान्यांशेजारी आता आणखी एक रकाना लागतो: सॉफ्टवेअरची आवृत्ती.