डाय बदलायला लागणारा वेळ

(दृश्य: थांबलेला मोठा प्रेस. क्रेनला लटकलेली डाय.)

पत्रा दाबून त्याला आकार देणारा हा प्रेस बंद आहे. बिघाड काही नाही. सकाळपासून मोटारीच्या दाराचे पत्रे निघत होते, आता बॉनेटचे काढायचे आहेत. जुनी डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, उतरवून नवी चढेपर्यंत एकही नग निघणार नाही. कंपनीचं धोरण बैठकीत ठरतं म्हणतात, पण त्यातलं बरंचसं इथेच ठरून गेलेलं असतं.

समजा, डाय बदलायला चार तास लागतात. नंतर शंभरच नग काढले, तर प्रत्येक नगावर बदलाची १४४ सेकंदं चढतात. हजार काढले तर साडेचौदाहून कमी. मग एकदा चढवलेली डाय फोरमन लवकर उतरवेल कशाला? तो मोठा लॉट काढतो. माल गोदामात जातो, खेळतं भांडवल अडकतं. डायला चरा पडलेला असेल, तर तो कळतो कितीतरी दिवसांनी, पत्रा वेल्डिंगला गेल्यावर. तोवर अख्खा लॉट तसाच निघालेला असतो.

लॉट केवढा असावा, याचं सूत्र फोर्ड हॅरिस या अमेरिकी अभियंत्यानं १९१३ मध्ये मांडलं. बदलाचा खर्च एका बाजूला, साठा सांभाळण्याचा दुसऱ्या बाजूला. गणित चोख आहे. बदलाचा खर्च चौथाईवर आणला, तर लॉट निम्मा होतो, हेही त्याच सूत्रातून निघतं. पण वापरणाऱ्यांनी तो खर्च वर्षानुवर्षं अटळ धरला.

(दृश्य: बोल्ट आवळणारे हात.)

जपानमध्ये शिगेओ शिंगो या अभियंत्यांनी तो अटळ धरला नाही. १९५० मध्ये हिरोशिमाच्या एका कारखान्यात ते डाय बदलताना पाहत उभे होते. एक बोल्ट सापडेना. कामगार शोधायला गेला, आणि अखेर दुसऱ्या डायचा लांब बोल्ट कापून, आटे पाडून घेऊन आला. तेवढा वेळ प्रेस उभा. यातली किती कामं यंत्र चालू असतानाच उरकता आली असती, हा शिंगोंचा प्रश्न.

१९६९ मध्ये टोयोटाच्या हजार टन दाबाच्या प्रेसला हाच बदल करायला चार तास लागत. तो आधी दीड तासावर आला आणि पुढे काही महिन्यांत तीन मिनिटांवर. नवं यंत्र आणलं नव्हतं. डाय आधीच शेजारी आणून ठेवायची, सगळ्या डायांची उंची सारखी करून घ्यायची, बोल्टऐवजी झटक्यात बसणारे क्लॅम्प लावायचे. शिंगो म्हणत, बोल्टला पंधरा आटे असले तरी घट्ट होतं ते शेवटच्या आट्याला. आधीचे चौदा फुकट फिरवायचे.

(दृश्य: तयार मालाच्या रांगा.)

खरी कसोटी इथून पुढे लागते. वाचलेल्या तासांत आणखी नग काढले, तर यंत्राच्या वापराचा आकडा देखणा दिसतो आणि गोदाम आणखी भरतं. हा मोह भल्याभल्यांना सुटत नाही. ते तास जास्त वेळा डाय बदलण्यात घातले, तरच लॉट लहान होतो आणि ग्राहकानं मागितलेलं मॉडेल त्याच आठवड्यात निघू शकतं.

पण मग हिशेबाच्या वह्या आडव्या येतात. साठ्याच्या किमतीत कारखान्याचा स्थिर खर्चही मुरवलेला असतो. साठा उतरला, की तो दडलेला खर्च नफा-तोट्यात येतो, आणि सुधारणेच्या पहिल्याच वर्षी नफा घटलेला दिसतो. ज्या व्यवस्थापकाची बढती त्या आकड्यावर ठरते, तो लॉट लहान करायला धजावत नाही, आणि त्याला दोष तरी किती द्यायचा?

(दृश्य: सर्किट बोर्ड.)

साठा सगळीकडेच उतरवता येतो असंही नाही. चिप तयार होऊन यायला महिने लागतात, आणि तो वेळ मोटार कंपनीच्या हातात नसतो. म्हणून जपानमधल्या २०११ च्या भूकंपानंतर टोयोटानंच आपल्या पुरवठादारांना चिपचा काही महिने पुरेल एवढा साठा ठेवायला सांगितलं.