हाडं पुरण्याचा दिवस

नमस्कार, श्रोतेहो.

अमेरिकेत ओहायो राज्याच्या पश्चिम कडेला, इंडियानाच्या हद्दीला जवळजवळ खेटून, फोर्ट रिकव्हरी नावाचं गाव आहे. वस्ती जेमतेम दीड हजार. या एवढ्याशा गावात शंभर फुटांहून उंच ग्रॅनाइटचा स्तंभ उभा आहे, १९१३ सालचा. पायथ्याशी बंदूक धरलेला एक माणूस, रानात वावरणाऱ्यांच्या वेशातला. स्मारक कुणाचं? अमेरिकेच्या फौजेनं मूळ रहिवाशांच्या हातून खाल्लेल्या सर्वांत मोठ्या माराचं.

१८७६ मध्ये मूळ रहिवाशांशी लढताना मारला गेलेला अमेरिकी फौजेचा अधिकारी कस्टर सिनेमामुळे आपल्याला ठाऊक असतो. त्याच्या लढाईत मेले त्याच्या दुपटीहून जास्त, सहाशेवर सैनिक इथे एका सकाळी गेले. तारीख ४ नोव्हेंबर १७९१. सेनापती आर्थर सेंट क्लेअर वातानं जखडलेला. रसद ठेकेदारांच्या कृपेनं निकृष्ट, शिपाई कच्चे, कित्येक वाटेतच पळालेले. उरलेल्या चौदाशेंनी वाबाश नदीकाठी तळ टाकला, तोही खंदक-तटबंदीविना. उजाडता उजाडता मियामी, शॉनी, लेनापे अशा जमातींच्या हजारभर लढवय्यांनी तळाला वेढलं. त्यांच्यात मियामींचा लिटल टर्टल, म्हणजे छोटं कासव, आणि शॉनींचा ब्लू जॅकेट. सुमारे तीन तासांत सगळं आटोपलं. फौजेमागून चालणाऱ्या बायका-पोरांचीही कत्तल झाली. पानिपताच्या हकिकतीत आपण ज्यांना बुणगे म्हणून एका शब्दात उरकतो ना, तसेच हे लोक.

प्रेतांच्या तोंडात माती कोंबलेली होती, असं सांगतात. जमीन हवी होती ना, घ्या! गोष्ट खरी असो वा नंतर रचलेली, तिच्यातलं बोलणं मात्र नेमकं आहे. भांडण जमिनीचंच होतं.

दोन वर्षांनी, १७९३ च्या नाताळात, जनरल वेनची माणसं त्याच जागी किल्ला बांधायला आली. तेव्हा रात्री तंबूत अंथरूण टाकायचं तर आधी हाडं गोळा करून बाहेर नेऊन ठेवावी लागली. हातची गेलेली जागा परत मिळवली, म्हणून किल्ल्याचं नाव रिकव्हरी. जिंकलेल्या तोफा जमातींनी तिथेच लपवल्या होत्या, त्यातल्या काही वेनच्या माणसांना सापडल्या. पुढच्या उन्हाळ्यात जमातींनी किल्ल्यावर हल्ला केला, तेव्हा लपवलेल्या तोफा शोधायला आलेल्यांवर त्यांच्याच लुटीतल्या तोफा आतून धडाडल्या. १७९५ च्या ग्रीनव्हिलच्या तहात आजच्या ओहायोचा बहुतेक भाग जमातींच्या हातून गेला.

मग गाव वसलं. आधी पुरलेली हाडं १८५१ साली पुन्हा वर आली, आणि त्या सप्टेंबरात लोकांनी मोठ्या गर्दीनं जमून ती सन्मानानं पुरली. गावाच्या इतिहासात त्या दिवसाचं नावच ‘हाडं पुरण्याचा दिवस’. साठ वर्षं उघड्यावर आणि खड्ड्यांत काढलेल्या, बहुतेक निनावी शिपायांना अखेर कुणीतरी खांदा दिला, हे मला मनापासून बरं वाटतं.

फक्त आणखी एक तारीख मला विसरता येत नाही. त्याच्या पाचच वर्षं आधी, १८४६ मध्ये, शेजारच्या इंडियानातून मियामी कुटुंबांना कालव्यातल्या नावांत बसवून पश्चिमेला, कॅन्ससकडे धाडलं होतं. खांदा द्यायला गर्दी जमली, तेव्हा लढाई जिंकणाऱ्यांची बरीचशी नातवंडं त्या मुलखात उरलीच नव्हती.

आणि लिटल टर्टल? तो १८१२ मध्ये इंडियानातल्या फोर्ट वेनला वारला. १९१२ साली, म्हणजे इकडे स्तंभ उभा राहण्याच्या वर्षभर आधी, तिथे एका घराचं खोदकाम चालू असताना कुदळ एका कबरीत शिरली. आत हाडं होती, आणि एक तलवार. ती जॉर्ज वॉशिंग्टननं लिटल टर्टलला भेट दिलेली तलवार, असं मानतात. सेंट क्लेअरला फौज देऊन धाडणारा राष्ट्राध्यक्ष, तोच हा वॉशिंग्टन.

नमस्कार.