ठोका कोणाचा? ‘वेस्ट साइड स्टोरी’चे १९८४ मधील ध्वनिमुद्रण

मित्रहो, मी संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करत आलो आहे, त्यामुळे गाणारा आणि वाजवणारा यांच्यातला ताण मला पुस्तकात शोधावा लागला नाही. आपल्याकडे नट पद म्हणू लागला की साथीदाराची नजर त्याच्या ओठांवर खिळलेली असते. त्याने सूर लांबवला तर आपणही तो धरून ठेवायचा आणि त्याने तान घेतली तर तबलजीने ठेका सांभाळत समेची वाट पाहायची. पाश्चात्त्य ऑपेरात मात्र या दोघांच्या समोर छडी घेतलेला तिसरा माणूस उभा असतो, आणि तोच कंडक्टर जर त्या संगीताचा रचनाकारही असेल, तर गायकाला उभे राहायला जागा किती उरते, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

‘वेस्ट साइड स्टोरी’ ही संगीतिका २६ सप्टेंबर १९५७ रोजी ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, आली. पुढची सत्तावीस वर्षे तिची गाणी जगभर गायली गेली, पण रचनाकार लेनर्ड बर्नस्टाइन यांनी ती संपूर्ण कृती स्वतः कधीच संचालित केली नव्हती. वयाच्या ६६ व्या वर्षी, सप्टेंबर १९८४ मध्ये, ते न्यूयॉर्कच्या स्टुडिओत त्यासाठी उभे राहिले, आणि रंगभूमीवर नाचत गाणाऱ्या तरुण नटांऐवजी त्यांनी ऑपेराचे नामवंत गायक घेतले. नायक टोनीसाठी बार्सिलोनाचे होसे करेरास, नायिका मारियासाठी न्यूझीलंडच्या किरी ते कानावा, मारियाची मैत्रीण अनिता हिच्यासाठी तातियाना ट्रोयानोस आणि ‘समव्हेअर’ या एका गाण्यासाठी मेरिलिन हॉर्न.

या निवडीतला पेच लगेच ध्यानात येतो. टोनी हा न्यूयॉर्कच्या रस्त्यावर वाढलेला पोलिश वंशाचा मुलगा, तर मारिया पोर्तो रिकोहून आलेली, म्हणजे घरी स्पॅनिश बोलणारी मुलगी. ज्याची इंग्रजी स्पॅनिश वळणाची, त्याच्या वाट्याला अमेरिकन मुलगा आला आणि जिचा स्पॅनिशशी संबंध नाही, तिच्या वाट्याला मारिया. त्यातून संवाद बोलायला बर्नस्टाइन यांनी स्वतःची मुले, अलेक्झांडर आणि नीना, यांना घेतले. त्यामुळे ध्वनिमुद्रिकेवर टोनी अस्सल अमेरिकन उच्चारात बोलतो आणि गाऊ लागताच बार्सिलोनाचा होतो. तो सांधा मला आजही खटकतो.

या ध्वनिमुद्रणावर बीबीसीसाठी ख्रिस्तोफर स्वॉन यांनी केलेला माहितीपट १९८५ मध्ये प्रदर्शित झाला, म्हणून त्या खोलीत काय घडले हे आपण डोळ्यांनी पाहू शकतो. ‘समथिंग्ज कमिंग’ हे टोनीचे गाणे चालू आहे. करेरास गातात, बर्नस्टाइन वाद्यमेळ थांबवतात, चूक सांगतात आणि पुन्हा सुरुवात होते. पुन्हा तीच जागा आणि पुन्हा थांबणे. काचेपलीकडच्या खोलीतून ध्वनिमुद्रणाचे निर्माते जॉन मॅक्लूर यांचा आवाज येतो आणि तोही उच्चाराबद्दलच असतो. सगळे वादक तिथे बसलेले आहेत, कॅमेरा चालू आहे, आणि युरोपातल्या मोठमोठ्या ऑपेरागृहांनी डोक्यावर घेतलेला हा गायक शाळकरी मुलासारखा एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणतो आहे. अखेर करेरास चिडून निघून जातात.

हे दृश्य पुष्कळ लोक मोठ्यांच्या रागालोभाचा किस्सा म्हणून सांगतात, ते मला पटत नाही, कारण भांडणाचे मूळ गाण्यातच आहे. ऑपेराचा आवाज मायक्रोफोनशिवाय, भरल्या वाद्यमेळावरून शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचावा म्हणून घडवलेला असतो, आणि तो पोहोचतो स्वरांवर, म्हणजे आकार-ओकारांवर; व्यंजने त्या लांब स्वरांना जोडणाऱ्या कड्यांसारखी असतात. शिवाय पुच्चिनी या इटालियन ऑपेरा-रचनाकाराचे संगीत गाताना टेनर, म्हणजे उंच पट्टीचा पुरुष गायक, वरच्या सुरावर क्षणभर रेंगाळतो आणि कसलेला कंडक्टर त्याच्यासाठी थांबतो, त्याच्याबरोबर श्वास घेतो. ‘समथिंग्ज कमिंग’ नेमके याच्या उलट बांधलेले आहे. शब्द तोकडे, लय चढी आणि अक्षरे ठोक्यावर न पडता ठोक्याच्या अलीकडे-पलीकडे पडणारी. तिथे व्यंजन हाच तबल्यावरचा बोल असतो. ज्याची ती भाषा आहे त्याची जीभ ते अक्षर आपोआप वेळेवर टाकते. ज्याची नाही, त्याला आधी उच्चार जुळवावा लागतो, आणि तेवढ्यात ठोका निघून गेलेला असतो.

म्हणून दोष ऑपेराच्या आवाजाचा आहे, असेही मी म्हणणार नाही. ट्रोयानोस याही ऑपेराच्याच, पण जन्माने न्यूयॉर्कच्या. ‘अमेरिका’ या गाण्यात सहा मात्रा आधी तीन-तीन आणि लगेच दोन-दोन-दोन अशा मोडतात. तो हिसका त्यांच्या तोंडी सहज बसतो. टोनीचा मित्र रिफ याची गाणी गाणारे तरुण अमेरिकन बॅरिटोन, म्हणजे मधल्या पट्टीचे गायक, कर्ट ओलमन यांचेही तसेच. याउलट ‘मारिया’ ऐका. तिथे नावाचे तीन स्वर षड्जावरून तीव्र मध्यमावर उडी घेतात आणि पंचमावर येऊन विसावतात. तीव्र मध्यमाची ती अस्वस्थता आपल्या कानाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. पुढे गाणे लांब स्वरांवर चढत जाते आणि करेरास आपल्या घरी आल्यासारखे गातात. त्या वरच्या सुरांसाठीच तर त्यांना बोलावले होते.

बर्नस्टाइन यांचा कान बरोबर होता, याबद्दल मला शंका नाही. अक्षर उशिरा पडत होते, आणि रचनाकाराला ते सोसवत नव्हते. पण ती दुरुस्ती बंद खोलीत, पियानोपाशी, वादक येण्याच्या कितीतरी आधी संपायला हवी होती. स्टुडिओत वेळेला पैसे पडतात, प्रत्येक थांबण्याचे ओझे गायकाच्या मानेवर बसते आणि आखडलेल्या गळ्यातून लय निसटतेच. शिवाय निवड करणारा कंडक्टर आणि निवडीची किंमत मोजणारा गायक, हा हिशेब मला अन्यायाचा वाटतो. मी इतकी वर्षे साथीला बसलो ते गायक चुकला तर झाकून घेण्यासाठी. चारचौघांत त्याला उघडे पाडणे मला बघवत नाही, मग पाडणारा बर्नस्टाइन यांच्याएवढा मोठा का असेना. त्या ध्वनिमुद्रिकेला पुढे ग्रॅमी मिळाले, म्हणून त्या दिवसाची सल कमी होत नाही.

करेरास आणि किरी ते कानावा १९८६ मध्ये पुन्हा एका ब्रॉडवे कृतीसाठी एकत्र आले, ‘साउथ पॅसिफिक’साठी, आणि या वेळी कंडक्टर होते जोनाथन ट्युनिक. करेरास यांच्याकडे एमिलची भूमिका होती, म्हणजे दक्षिण समुद्रातल्या बेटावर राहणारा फ्रेंच मळेवाला. १९४९ साली ही भूमिका मुळात इटालियन ऑपेरागायक एझिओ पिंझा यांनी रंगमंचावर आणली होती. या माणसाची इंग्रजी परकीच असायची, आणि त्याची गाणीही संथ, लांब श्वासाची आहेत. करेरास यांना तिथे काही लपवावे लागत नाही.

आता मी ‘समथिंग्ज कमिंग’ पुन्हा एकदा लावतो आहे. या वेळी सुरांकडे लक्ष देऊ नका; हाताने मांडीवर ठोका धरा आणि प्रत्येक शब्दाचे पहिले व्यंजन हाताच्या आधी येते की नंतर, एवढेच ऐका.