न वाचलेली 162 पत्रे

1 मार्च 1990 रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्यात, ऑस्टिन शहरातल्या 'स्टीव्ह जॅक्सन गेम्स' या कंपनीच्या कार्यालयावर सीक्रेट सर्व्हिस या केंद्र सरकारच्या तपास यंत्रणेच्या अधिकाऱ्यांनी छापा घातला. खेळांची पुस्तके छापणाऱ्या या कंपनीवर कसलाच आरोप नव्हता. टेलिफोन कंपनीच्या संगणकातून चोरलेला, 911 या आपत्कालीन सेवेविषयीचा एक दस्तऐवज तिच्या एका कर्मचाऱ्याकडे असावा, एवढाच संशय होता. जप्तीत जो माल गेला, त्यात कंपनीचा बुलेटिन बोर्ड, म्हणजे फोनवरून जोडून निरोप देण्याघेण्याची सेवा, चालवणारा संगणकही होता. मॉडेमवरून जोडले जाणारे 365 जण तो बोर्ड वापरत असत, आणि जप्तीच्या वेळी त्यावर 162 खाजगी ईमेल पडून होते, जे ज्यांच्यासाठी आले होते त्यांनी अद्याप उघडलेही नव्हते.

कंपनीने आणि बोर्डच्या काही वापरकर्त्यांनी सीक्रेट सर्व्हिसवर दावा लावला. ते ईमेल आम्ही वाचलेच नाहीत, असे सीक्रेट सर्व्हिसचे म्हणणे होते. 1993 मध्ये जिल्हा न्यायालयाने पुरावा तपासून ते वाचले गेले आणि पुसलेही गेले, असा निष्कर्ष काढला. मात्र नुकसानभरपाई देताना न्यायालयाने 1986 च्या दोन तरतुदींमध्ये फरक केला. वाटेत असलेला संदेश पकडल्यास टॅपिंगविषयीचा (चोरून ऐकण्या-वाचण्याविषयीचा) कायदा लागू होतो आणि त्यात किमान भरपाई 10,000 डॉलर आहे. साठवलेल्या संदेशांना हात घातल्यास दुसरा कायदा लागू होतो आणि त्यात ती 1,000 डॉलर आहे. फिर्यादींच्या वाट्याला प्रत्येकी 1,000 डॉलर आले, आणि ते अपिलात गेले.

पत्र अजून मालकाच्या हाती पोचलेले नसताना ते मध्येच उचलले गेले, मग ही अडवणूक नव्हे तर काय, हा त्यांचा युक्तिवाद सामान्य माणसाला सहज पटावा असाच होता. पण 1994 मध्ये पाचव्या सर्किटच्या (सर्किट म्हणजे केंद्रीय न्यायालयांचा एक विभाग) अपील न्यायालयाने कायद्याच्या व्याख्यांवर बोट ठेवले. तारेवरून जाणाऱ्या आवाजी संदेशाच्या व्याख्येत त्याच्या साठवणुकीचाही समावेश होता, तर इलेक्ट्रॉनिक संदेशाच्या व्याख्येत तो नव्हता. तेव्हा ईमेल प्रवासात असतानाच मिळवला तरच टॅपिंग होते, असे न्यायालयाने ठरवले. त्या तर्काने व्हॉइसमेलला, म्हणजे फोनवर साठवलेल्या आवाजी निरोपाला, ईमेलपेक्षा अधिक संरक्षण होते. 2001 मध्ये संसदेने ही विसंगती दूर केली खरी, पण ईमेलला वर आणण्याऐवजी व्हॉइसमेललाच खाली आणले.

हा फरक केवळ भरपाईपुरता नाही. टॅपिंगचा आदेश मागताना तपासाचे इतर मार्ग संपले किंवा निरुपयोगी आहेत हे दाखवावे लागते, मुदत जास्तीत जास्त 30 दिवसांची असते आणि असंबद्ध संभाषण शक्य तितके टाळावे लागते. साठवलेल्या ईमेलसाठी एवढी बंधने नाहीत. वास्तविक ईमेल पोचेपर्यंत एका संगणकावरून दुसऱ्यावर जात राहतो आणि प्रत्येक ठिकाणी क्षणभर साठवलाच जातो. दुर्मिळ पुस्तकांच्या एका ऑनलाइन सेवेच्या अधिकाऱ्याने ग्राहकांना येणाऱ्या ॲमेझॉनच्या ईमेलच्या प्रती आपोआप काढून घेण्याची सोय केली, तेव्हा 'ते त्या क्षणी साठवलेलेच होते' हाच बचाव त्याने केला. 2005 मध्ये पहिल्या सर्किटच्या पूर्णपीठाने तो फेटाळला, कारण प्रवासाचाच भाग असलेली क्षणिक साठवण संदेशाला टॅपिंगच्या कायद्याबाहेर काढू शकत नाही. पुढे ज्यूरीने त्या अधिकाऱ्याला निर्दोष सोडले, तरी कायद्याचा मुद्दा निकाली निघाला.

उरला प्रश्न जुन्या ईमेलचा. 1986 मध्ये साठवणुकीची जागा महाग होती, त्यामुळे 180 दिवसांहून अधिक काळ सर्व्हरवर राहिलेला ईमेल मालकाने टाकून दिल्यासारखाच मानला गेला आणि तो वॉरंटशिवायही मागवता येईल, अशी तरतूद झाली. 2010 मध्ये सहाव्या सर्किटने एका व्यावसायिकाच्या सुमारे 27,000 ईमेलच्या प्रकरणात ही पद्धत अवाजवी झडती व जप्तीपासून संरक्षण देणाऱ्या घटनेच्या चौथ्या दुरुस्तीशी विसंगत ठरवली. 2016 मध्ये प्रतिनिधिगृहाने वॉरंट सक्तीचे करणारे विधेयक 419 विरुद्ध शून्य मतांनी मंजूर केले, पण ते सिनेटमध्येच अडकले.